कुत्रा नसलेले काका

आमच्या घरमालकांकडे कुत्रा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं कुत्र्यांचंच आहे आणि वाचणाऱ्याला उगाच वाटायचं की गृहस्थ मोठे प्राणिप्रेमी असणार. तसं काही नव्हतं. गल्लीतल्या कुत्र्यांना ते पोळी टाकत नसत, कुणाचं पिल्लू पायात आलं तर बाजूने वाट काढून जात. तरी रोज सकाळी दहाच्या सुमाराला, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, कापडी पिशवीत पाण्याची बाटली आणि एक स्टीलचा डबा घेऊन ते बाहेर पडत आणि एकच्या ठोक्याला जेवायला परत येत. कुठे जातात हे मी पहिले पाच महिने विचारलं नाही. वाचनालयात जात असतील, असं मी आपलं ठरवून टाकलं होतं.

मी रायपूरला आले ती नोकरीसाठी. कारखान्यांच्या आसपास हवेत धूळ किती आहे हे मोजणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम होतं. शहरातल्या गुढियारी भागात यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने मिळाला. घरमालक मराठी निघाले म्हणून पुण्यात आईने पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेत लागून इथे आलेले, आणि हे स्वतः मालगाडीचे डबे तपासण्याच्या कामावरून निवृत्त झालेले. बैठकीच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. पहिल्या दिवशी ते "जयभीम" म्हणाले, मी "नमस्कार" म्हटलं. महिनाभरात मीही जयभीम म्हणायला लागले. ते त्यांना आवडलं असावं, पण बोलून दाखवायचा स्वभाव नव्हता.

उभ्या आयुष्यात त्यांनी एकच काम केलं होतं. थांबलेल्या मालगाडीच्या कडेने चालत जायचं आणि चाकाचाकावर हातोडी मारायची. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मग धुरा तापलाय का ते पाहायला खाली वाकून चाकाच्या धुऱ्याला हात लावायचा, तोही पालथा. "तळव्यावर भरोसा नाही ठेवाचा. घट्टे पडले असते त्याले. पालथा हात खरं सांगते," असं ते म्हणत. निवृत्त झाले तरी ही सवय काही निवृत्त झाली नव्हती. माझं कपाट वर चढवलं तेव्हा त्यांनी ते बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं आणि मान डोलावली. सिलिंडर वाजवत, कलिंगड वाजवत, दूधवाल्याचा कॅन वाजवत. पालथा हात तर फ्रिजपासून माझ्या स्कूटरपर्यंत सगळ्यांना लावून व्हायचा. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "माणसाचं सोडून साऱ्याचं आयकते हा बाबा."

मिरी मला उरल्याला, शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात, सापडली. एका कारखान्याच्या फाटकाशी आमचं धूळ मोजायचं यंत्र उभं होतं आणि त्याच्या सावलीत ही काळी, हडकुळी कुत्री येऊन झोपायची. ट्रकचा हॉर्न वाजला की यंत्राच्या पायांत शिरायची. तीन आठवडे मी आकडे उतरवले आणि चौथ्या आठवड्यात कुत्री घेऊन घरी आले. घरमालकांना विचारलंसुद्धा नाही. आता बोलणी बसणार म्हणून जिन्यात उभी राहिले, तर त्यांनी तिच्या कानाला पालथा हात लावला आणि विचारलं, "जेवल्या का ह्या?"

ते कुत्र्यांना अहो-जाहो करत. आम्हाला मात्र सर्रास अगंतुगं.

मिरीच्या मागच्या बाजूने रक्त पडतंय हे आठवडाभराने लक्षात आलं. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर जनावरांचा एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर बाईंनी तपासून सांगितलं की गाठ आहे, रस्त्यावरच्या कुत्र्यांत होते, आणि औषधाने पूर्ण जाते. दर आठवड्याला एक इंजेक्शन, अशी सहा. "लेकिन दीदी, नस में लगता है. ज़रा भी हिली और दवा बाहर गई, तो वहाँ का मांस जल जाएगा." गुंगी द्यावी तर अंगात रक्त इतकं कमी, की सहा वेळा तो धोका घ्यायला त्या तयार नव्हत्या. म्हणजे कुत्रीने जागेपणी, टेबलावर, दोन मिनिटं न हलता उभं राहायचं होतं. आणि मिरी तर प्रेशर कुकरच्या शिट्टीलाही पलंगाखाली जात होती.

पहिला प्रयत्न मी कधीच विसरणार नाही. मी आणि कंपाउंडर भैयांनी तिला उचलून स्टीलच्या टेबलावर ठेवलं. तिचे पाय घसरायला लागले तसे आम्ही अजून घट्ट धरलं. मी तिच्या कानात सारखी म्हणत होते, "काही नाही होत गं, काही नाही होत." सुई दिसली मात्र, ती किंचाळली, टेबलभर मुतली, माझ्या मनगटाला दात लावले आणि कपाटामागे जाऊन अडकली. तिला तिथून काढायला पाऊण तास लागला. डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "ऐसे नहीं लगाऊँगी मैं. शांत करके लाइए. दस दिन देख सकते हैं, उसके बाद गाँठ फैलेगी."

रडत बाहेर आले, तर समोरच्या लोखंडी बाकावर इस्त्रीचा पांढरा सदरा. मांडीवर स्टीलचा डबा.

"वाचनालय?" माझ्या तोंडून निघालं.

"कोणतं वाचनालय?" काका म्हणाले. मिरीकडे पाहून त्यांनी बाकावर जरा सरकून जागा केली. "पहिले बसा बाई. मग पाहू."

त्या बाकावर ते कित्येक वर्षं बसत होते. कंपाउंडर भैया त्यांना दवाखान्याचंच सामान समजायचे, बाक पुसताना त्यांच्या भोवतीने फडकं फिरवायचे. लोकांचे कुत्रे येत, काका त्यांच्याकडे पाहत बसत. कोण फाटकातच पाय रोवतं, कोण नुसतं जांभया देतं, कोण एकदम खाज आल्यासारखं अंग खाजवायला लागतं. कुत्रा भ्याला की जांभया देतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. एखाद्याने आपल्या कुत्र्याला "कुछ नहीं होगा बेटा" म्हटलं की काका तोंड फिरवत. आता या माणसाचं इथे काय काम, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे घरी बायकोशी पटत नाही, कुणी म्हणे डॉक्टरांचे नातलग आहेत. मी त्यांना सरळच विचारलं, तर ते म्हणाले, "बसायले जागा चांगली हाय."

दहा दिवसांचा ताबा त्यांनी घेतला, मला न विचारता. दुसऱ्याच दिवशी सकाळी वर आले आणि म्हणाले, "चाल. खाली रेक नेऊ."

"म्हणजे?"

"रिकामी मालगाडी. माल नाही, काही नाही. नुसती गाडी जाईन अन् वापस येईन. लाइन तं ओळखीची झाली पायजे ना तिले."

म्हणजे दवाखान्यात जायचं, आणि तिथे काहीही करायचं नाही. पहिल्या दिवशी तर आम्ही पोचलोही नाही. पंक्चरवाल्याच्या कोपऱ्यावर मिरीला कापरं भरलं, तशी काकांनी तिथेच फुटपाथवर बैठक मारली. वीस मिनिटं बसलो. पंक्चरवाल्याने काय झालं म्हणून विचारलं, "का होगे बाबूजी?" काका म्हणाले, "सिग्नल नाही भेटला." कापरं थांबलं तसे उठलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत. तिसऱ्या दिवशी बाकापर्यंत. तिथे त्यांनी डबा उघडला. काकूंनी केलेले फरे होते, तांदळाच्या पिठाचे, वाफवलेले. फरा फक्त बाकावरच मिळायचा, घरी मागितला तरी नाही. हा नियम काकूंनाही लागू होता आणि त्यावरून घरात एकदा चांगलीच वाजली.

घरी दुसरी शिकवणी. टेबलावर पाय घसरतात म्हणून त्यांनी एक जुनं पोतं आणलं आणि मिरीला रात्री त्यावर झोपायला लावलं. मग ते पोतं सगळीकडे तिच्याबरोबर हिंडायला लागलं. तिला पोत्यावर उभं करून काका फरशीवर पेराने एकदा ठक करत आणि तिचा पुढचा पाय हातात घेत. कापसाने पुसत, स्पिरिट लावत, पेनाचं टोपण टेकवत. मग दोनदा ठक-ठक आणि पाय सोडून देत. एक ठोका म्हणजे सुरू, दोन ठोके म्हणजे झालं. मालगाडीतही दोन ठोके मारले की डबा पास, ही त्यांची स्वतःची पद्धत. दोन ठोक्यांच्या आधी ती कितीही वळवळली तरी ते ओरडत नसत, आणि दोन ठोके झाल्यावर एक क्षणही पाय धरून ठेवत नसत. तीन दिवसांत मिरीला ते इतकं पक्कं कळलं, की ठक-ठक ऐकू आलं की ती नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकायची आणि निघून जायची.

आणि प्रत्येक वेळी ते तिला आधी सांगत. "पाय धरतो बाई. थंड लागंन. आता टोचंन जरासक."

"तिला काय कळतंय, काका?" मी म्हटलं.

"तुले कसं मालूम?"

पाचव्या दिवशी त्यांनी माझ्या मानेला पालथा हात लावला. "तूच गरम हाय. गाडी कशी थंड राहीन?" माझी भीती साखळीतून तिच्यात उतरते, असं त्यांचं निदान होतं. उपाय काय, तर त्या दिवशी मिरीला घरी ठेवून त्यांनी मला एकटीलाच खाली रेक म्हणून नेलं. रविवारची अख्खी सकाळ मी जनावरांच्या दवाखान्यात बिनजनावराची बसले होते. एका बाईने विचारलंही, "आपका कहाँ है?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "यही है." मला फरासुद्धा मिळाला.

आठव्या दिवशी मी माती खाल्ली.

काकांना त्या सकाळी नातलगांकडे बीरगावला जायचं होतं. एक दिवस वाया नको म्हणून मी एकटीने निघायचं ठरवलं. मिरी जिन्यातच बसून राहिली. मला ऑफिसला उशीर होत होता. मग मी फिरायला जायचा लाल पट्टा काढला, जो पाहिला की ती नाचायची, आणि "चल, बागेत" म्हटलं. नाचतच ती रिक्षात चढली आणि रिक्षा दवाखान्याशी थांबली. मिरीने फाटकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. उतरलीच नाही. घरी आल्यावर पलंगाखाली गेली. संध्याकाळी काकांनी पोत्यावर बोलावलं तरी बाहेर आली नाही.

मी खरं काय ते सांगितलं. काकांनी पोतं उचलून काखेत घेतलं. मग म्हणाले, "डब्यावर लेबल एका गावचं अन् धाडला दुसऱ्याच गावाले. आता ते कोणतं लेबल खरं मानंन?" आणि खाली निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. दोनच दिवस उरले होते आणि आठ दिवसांचं काम मी एका रिक्षात घालवलं होतं.

त्या संध्याकाळी काकू भाजीची वाटी घेऊन वर आल्या. माझं तोंड पाहून पायरीवर बसल्या आणि जे काका कधी बोलले नव्हते ते त्यांनी सांगितलं. मालगाडीच्या यार्डात एक फाटक्या कानाचा कुत्रा होता. काकांच्या मागे मागे गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, म्हणून सगळे त्याला साहेब म्हणायचे. "आता साहेबाले अरे-तुरे कसं करन? तवापासूनची सवय हाय ती." निवृत्तीला थोडेच दिवस उरले असताना साहेबाचा पाय रुळात चिरला, तेव्हा काकांनी त्याला याच दवाखान्यात आणलं होतं. दुसरे डॉक्टर होते तेव्हा. काकांनी त्याला घट्ट धरलं आणि म्हणाले, काही नाही होत साहेब, काही नाही होत. सुई लागली तसा तो त्यांच्या हातातून निसटला, फाटकातून पळाला, तो गेलाच.

"महिनाभर रुळारुळानं फिरले," काकू म्हणाल्या. "मंग म्हणे, कोणाले सापडला तं पाय दुखते म्हून इथंच आणतीन. म्हून बसाले लागले. अकरा वर्षं झाली पोरी. मी काही बोलत नाही."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांच्याकडे एक गंमत म्हणून पाहत होते, पुण्याला मैत्रिणींना त्यांचे किस्से कळवत होते, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर नुसते वाट पाहत बसले होते. मी लाल पट्टा कपाटात वर टाकला. मग पलंगाशेजारी फरशीवर आडवी झाले आणि मिरीला सांगितलं, की बागेचं खोटं होतं, दवाखान्यातच जायचं होतं, आणि परवा पुन्हा जायचं आहे. कुणी पाहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. पाहिलंच होतं, काका पोतं घेऊन दारात उभे होते. त्यांनी पोतं पलंगाशी अंथरलं आणि खाली गेले. मिरी तासाभराने बाहेर आली आणि त्यावर झोपली.

नवव्या दिवशी पुन्हा पंक्चरवाल्यापासून सुरुवात. दहाव्या दिवशी आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. मिरीने फरा हुंगला, खाल्ला नाही. जांभया मात्र चार दिल्या. डॉक्टरांनी आत बोलावलं. काकांनी टेबलावर पोतं टाकलं. कंपाउंडर भैया धरायला पुढे आले, तर त्यांना हाताने थांबवलं. मिरीला मी उचलून ठेवलं. तिचे पाय पोत्यात रुतले, घसरले नाहीत.

काकांनी टेबलाच्या कडेवर पेराने एकदा ठक केलं. "सुई हाय बाई. टोचंन. हालू नका." आणि तिच्या कानाला पालथा हात लावून ठेवला.

सुई आत गेली. मिरीचं अंग ताठलं, सगळी कापायला लागली, पण पाय जागचा हलला नाही. डॉक्टर अगदी सावकाश दाब देत होत्या. तेवढ्यात मिरीने डोळे वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर तेच शब्द आले होते, आयुष्यभर सगळ्यांना म्हटलेले. समोर काका माझ्याकडे बघत होते. मी ते शब्द गिळले. "दुखतंय," मी म्हटलं, "माहीत आहे मला. अजून थोडं आहे."

ती पाहत राहिली. हलली नाही.

"हो गया," डॉक्टर म्हणाल्या. पण मिरी तशीच उभी. तिच्या लेखी अजून झालं नव्हतं. मग काकांनी ठक-ठक केलं, आणि तिने नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकून सगळ्यांवर केस उडवले. डॉक्टर हसल्या. मी रडले. काकांनी पोत्याची घडी केली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

सहाही इंजेक्शनं तशीच झाली. गाठ आधी लिंबाएवढी झाली, मग वाटाण्याएवढी, मग बोटांना लागेनाशी झाली. शेवटच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "काका, अजून साहेबांची वाट पाहता?"

काकूंनी सांगितलंय हे त्यांना कळलं. ते फाटकाकडे पाहत म्हणाले, "कुत्रं इतके वर्षं जगते का? मी काही येडा नाही."

"मग रोज येता ते?"

"दुसऱ्याचे येतेत ना." एवढंच बोलून त्यांनी उरलेला फरा मिरीला दिला.

पुढच्या वर्षी कंपनीने रायपूरचं काम बंद केलं आणि मी पुण्याला परतायला निघाले. मिरीसाठी गाडी ठरवली होती. सामान चढत असताना काका ड्रायव्हरला न विचारता गाडीभोवती फिरले. चारही चाकं वाजवली, एकेकाला पालथा हात लावला. ड्रायव्हर म्हणाला, "बाबूजी, नई गाड़ी है." काका म्हणाले, "असू दे." मग मागच्या सीटवर त्यांनी ते पोतं अंथरलं. काकूंनी फऱ्यांचा डबा दिला. मी भडाभडा बोलायला लागले, की दिवाळीत येईन, नक्की येईन, मिरीला घेऊन येईन.

काकांनी तोंड फिरवलं. बाकावर बसून "कुछ नहीं होगा" ऐकलं की फिरवत, अगदी तसंच.

मी थांबले. "नाही जमणार काका," मी म्हटलं. "इथलं काम संपलं. बहुतेक परत येणं नाही होणार."

ते वळले. डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. "हव," म्हणाले. "दुखते. पण बरं केलं, सांगतलं." त्यांनी खिडकीतून हात घालून मिरीच्या कानाला पालथा हात लावला. मग माझ्या कपाळाला लावला. "जा. थंड हाय दोघीही."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मिरी पोत्यावर ताठ उभी होती, कापत होती, मागे पाहत होती. बसेना. मी तिला काहीच म्हटलं नाही. गाडी हलली तसं काकांनी टपावर पेराने वाजवलं, ठक-ठक. मिरीने नाकापासून शेपटीपर्यंत सगळं अंग झटकलं, माझ्यावर केस उडवले आणि पोत्यावर गोल होऊन पडली. मला मात्र नागपूर येईपर्यंत तसं झटकता आलं नाही.